काचेला न टेकलेल्या पट्ट्या

सोसायटीचं पत्र दुपारी आलं. दाराची घंटा आम्ही काढून टाकली आहे, म्हणून पहारेकऱ्याने ते दाराखालून आत सरकवलं होतं. इमारतीच्या दर्शनी बाजूच्या सगळ्या खिडक्यांना पंधरा दिवसांत शोभेच्या पट्ट्या बसवायच्या आहेत, असं त्यात इंग्रजीत लिहिलं होतं. पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या, रंग अक्रोडाच्या लाकडाचा. प्रत्येक झडपेवर एक उभी आणि दोन आडव्या. त्यामुळे अखंड काचेचे सहा चौकोन झाल्यासारखं दिसेल आणि इमारतीला हेरिटेज रूप येईल. इमारत सहा वर्षांची आहे.

पत्र वाचून मी शेजारच्या खोलीत डोकावलो. बायको झोपली होती. ती झोपली आहे ना हे बघणं हा माझा निवृत्तीनंतरचा मुख्य उद्योग आहे.

चार वर्षांपूर्वी तिच्या आतल्या कानाने बंड केलं. कानात अखंड शिट्टी वाजते आणि झोप मोडली की घेरी येते. घेरी म्हणजे डोकं जरा हलकं होणं नव्हे. भिंती फिरतात, पलंग कलंडतो, आणि ती चादर मुठीत धरून दोन-दोन दिवस पडून राहते. डॉक्टर म्हणाले, औषध आहेच, पण खरं औषध झोप. रात्री शिट्टी झोपू देत नाही. झोप येते ती दुपारी दोन ते चार, आणि तीही पूर्ण शांतता असेल तर. हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरात पूर्ण शांतता ही कल्पनाच नव्हती. समोर बसथांबा, मागे शाळा, शेजारी लग्नाचं कार्यालय. तीस वर्षं आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. मग अचानक सगळंच वाटायला लागलं.

म्हणून आम्ही शहराच्या पश्चिम टोकाला, या नवव्या मजल्यावर आलो. समोर मोठा रस्ता आहेच, पण झोपायच्या खोलीच्या खिडकीला दुहेरी काच आहे. दोन काचांच्या मध्ये कोरडी हवा कडेने कायमची बंद करून टाकलेली. झडपा लावल्या की रस्ता दिसतो, पण ऐकू येत नाही. पहिल्याच दुपारी ती अडीच तास झोपली. मी दोनदा जाऊन तिच्या नाकासमोर हात धरून आलो.

तेव्हा पत्र वाचून मला हेरिटेजची नव्हे, त्या काचेची काळजी लागली.

लहान चौकोनांच्या खिडक्यांची मला आठवण आहे. बरकतपुऱ्याच्या घरात तशाच होत्या. मोठी काच करणं अवघड होतं, म्हणून पूर्वीचे लोक लहान तुकडे लाकडात बसवत. त्यातला एक फुटला, तेव्हा मी पुस्तकबांधणीचा पुठ्ठा कापून तिथे बसवला आणि तो अकरा वर्षं टिकला. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो, पुठ्ठा भरपूर असे. आता मोठी काच सहज करता येते. ती करता येत नाही असं भासवण्यासाठी वर पट्ट्या चिकटवायच्या. यामागे काय विचार आहे ते मी शोधत होतो. शेवटी कळलं की क्लबहाउसचं उद्घाटन आहे, कोणी मोठे पाहुणे येणार आहेत आणि ड्रोनने चित्रीकरण होणार आहे. म्हणजे विचार नव्हता, कार्यक्रम होता.

कंत्राटदाराची माणसं खालच्या मजल्यांपासून सुरुवात करून वर येत होती. सातव्या मजल्यावर एक तेलुगू शिक्षिका राहतात. त्यांनी मला लिफ्टमध्ये गाठलं आणि घरी नेऊन खिडकी दाखवली. माणसांनी पट्ट्या चिकटवण्याऐवजी चौकटीत ड्रिल मारून स्क्रू पिळले होते. एक स्क्रू काचेच्या कडेत घुसला होता आणि दोन काचांच्या मध्ये धुकं धरलं होतं.

"अंकल, अंदर पसीना आ रहा है," त्या म्हणाल्या. "पोंछने को हाथ नहीं जाता."

नवी काच मापाप्रमाणे बनून यायला दोन महिने लागणार होते. तोवर तिथे प्लायवूड. प्लायवूडच्या पलीकडून रस्ता जसाच्या तसा ऐकू येत होता. मी दोन मिनिटं तिथे उभा राहिलो आणि ऐकून घेतलं. दोन महिने, म्हणजे साठ दुपारी.

तसाच सचिवांकडे गेलो. सचिव पुण्याचे, चाळिशीचे, सॉफ्टवेअरमध्ये. अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे काम करतात आणि हैदराबादच्या घड्याळाप्रमाणे सोसायटी चालवतात. दोन्हीकडे मन लावून. डोळ्यांखाली काळं, पण बोलण्यात उत्साह.

"काका, तुमचा पॉइंट मला कळतो," ते म्हणाले. "पण युनिफॉर्मिटी महत्त्वाची आहे. एका खिडकीला नसेल तर ड्रोनमध्ये दात पडल्यासारखं दिसेल."

"ड्रिल नको म्हणतोय मी. पट्ट्या नको म्हणत नाही."

"मग तुम्ही स्वतः बसवा! दुहेरी चिकटपट्टी येते. माझं काहीच म्हणणं नाही. फक्त पुढच्या रविवारी मी राउंडला येईन, तेव्हा जागेवर पाहिजेत. नसतील तर मला माणसं पाठवावी लागतील." मग थांबून म्हणाले, "काका, तुमचं मराठी जरा वेगळंच आहे हं. छान वाटतं ऐकायला."

मी आभार मानले आणि त्यांनी दिलेली पट्ट्यांची मोळी खांद्यावर टाकून घरी आलो.

आता माझ्या चुकीबद्दल. खिडकीच्या झडपा आत उघडतात, त्यामुळे काचेची बाहेरची बाजू खोलीत उभं राहून हाताशी येते. बाहेरच्या बाजूला काच बसवतानाची चिकटपट्टी कधीतरी होती. तिचा डिंक उन्हाने वाळून फुलीसारखा उरला होता. त्यावर नवी पट्टी धरणार नाही, एवढं मला समजत होतं. आमच्या घरी कंदिलाची काच राखेने पुसत आणि पितळ रांगोळीने घासत. राख आता कुठून आणणार? रांगोळीची पिशवी मात्र देवघराखाली होती. ओल्या फडक्यावर घेतली आणि गोल गोल घासायला लागलो.

"अहो, काय करायलात?" बायकोने आतून विचारलं.

"काच साफ करतोय."

"कशाने?"

"रांगोळीने."

"बरं," ती म्हणाली. तिच्याही माहेरी तसंच करत असणार. दोन घराण्यांचं शहाणपण एकत्र आलं की विचारायला तिसरं कोणी उरत नाही.

डिंक झकास निघाला. डावी झडप झाली, तशी हुरूप येऊन उजवी अर्धी केली. मग ऊन पश्चिमेकडे कललं आणि काचेवर आडवं पडलं. काचेत बारीक बारीक वर्तुळं दिसली, तळहाताएवढी, एकात एक गुंतलेली. फडक्याने पुसली, जात नाहीत. नखाने चाचपली, नखाला लागतात. आईच्या वेळची रांगोळी मऊ दगडाची भुकटी असे. पिशवीतली मी चिमटीत धरून पाहिली. ती चक्क बारीक वाळू होती.

बायकोला मी तिसऱ्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी दिसलं. तुम्ही सांगता का बघायले होते."

सुलतान बाजारच्या एका बोळात फोटोंना चौकटी करणारे एक म्हातारे उस्ताद आहेत. कॉलेजच्या सगळ्या दिवंगत प्राचार्यांना काच त्यांनीच घातली. प्राचार्यांना जिवंतपणी नसलेली पारदर्शकता त्यांच्या हातून मिळाली. ग्रंथालयाच्या वतीने मी तसबिरी घेऊन जायचो, ते दुकानाच्या पायरीवर बसून काच कापायचे, आणि मी बघत बसायचो. काच कापताना ते बोलत नसत आणि श्वासही सोडत नसत. माझ्या ओळखीत काचेला भिऊन वागणारा हा एकच माणूस. मी त्यांना आणायला गेलो. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून ते आले, हातात एक कापडी पिशवी घेऊन.

खिडकीसमोर उभे राहून त्यांनी आधी काचेवर श्वास सोडला. वाफ धरली, तशी ती वर्तुळं उमटली. मग बोटाच्या पेराने काच ठिकठिकाणी वाजवून पाहिली, कलिंगड बघतात तशी.

"कौन घिसा साब इसको?"

"मैंच."

"कायसे?"

"रांगोळी से."

"मुग्गू से?" तेलुगूत रांगोळीला मुग्गू म्हणतात आणि हैदराबादेत सगळेच म्हणतात. उस्तादांनी डोळे मिटले. "तोबा. आप तो किताबोंवाले आदमी. किताब पे कब्बी मुग्गू घिसे?"

"गलती हो गयी."

"हौ, वो तो दिख रई है." मग बायकोकडे वळून म्हणाले, "अम्मा, आप तो रोकते थे इनको."

"मेरी कब सुने ये," बायको म्हणाली. हे तितकंसं खरं नव्हतं.

मग उस्तादांनी समजावून सांगितलं. काच फुटते ती ओरखड्यापासून. इथे ऊन पश्चिमेचं. पट्टी गडद रंगाची. ती काचेवर चिकटवली की पट्टीखालची काच तापणार, बाजूची त्या मानाने थंड राहणार, आणि दोन्हींची ओढाताण होणार. चांगली काच ती सोसेल. ओरखडलेली सोसेलच असं नाही. शिवाय चिकटवताना मधोमध अंगठ्याने दाबावं लागतं, आणि दुहेरी काचेत मध्ये आधार नसतो.

"फिर क्या करना?"

उस्तादांनी चहा घेतला, बशीत ओतून, सावकाश. मग म्हणाले, "कांच को हात नक्को लगाव. बस. पट्टी चौखट पे टिकाव. कांच के सामने रहेगी, कांच से मिलेगी नै. परदेवाली बीबी के सरीखी."

युक्ती साधी होती. पट्ट्या काचेवर न चिकटवता त्यांची टोकं झडपेच्या चौकटीवर चिकटवायची. टोकांखाली जाड रबराचे तुकडे द्यायचे, म्हणजे पट्टी आणि काच यांच्यात एका रुपयाच्या जाडीएवढी फट राहील. खालून, आणि ड्रोनमधून, काही कळणार नाही.

काम सकाळी नऊला सुरू झालं. एकच्या आत संपायला हवं होतं, कारण दोनला बायको झोपणार. उस्तादांनी टेप काढलीच नाही. पिशवीतून एक दोरा काढला, चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धरला, गाठ मारली, दोऱ्याची घडी घालून मध्य काढला. वर एकदा, खाली एकदा, मध्ये एकदा. वरची गाठ आणि खालची गाठ यांत केसाएवढा फरक आला.

"चौखट टेढी है," ते म्हणाले. "इंजिनियर सीधा समझ के गया होंगा."

खुणा त्यांनी पेन्सिलीने केल्या नाहीत. साबणाच्या वाळलेल्या चिपेने केल्या, त्याही चौकटीवर. काचेवर आधी जुना उर्दू पेपर मापाने कापून लावला, कडेला पाण्याचं बोट फिरवून. त्या कागदावरच पट्ट्या धरून पाहिल्या, म्हणजे हात सुटला तरी आधी बातमीला लागेल, काचेला नाही. उभी पट्टी आणि आडवी पट्टी जिथे एकमेकींना छेदतात तिथे दोन्हींत अर्धी अर्धी खाच कानशीने घासून ती एकीत एक बसवली. कानशीचं काम मात्र त्यांनी जिन्यात जाऊन केलं.

"पट्टी का बुरादा उड़ता, कांच पे बैठता, फिर आप पोंछते," ते मला म्हणाले. "आपका पोंछना देख लिये मैं."

मी चौकट स्पिरिटने पुसली, तीही त्यांच्या देखरेखीखाली, एका दिशेने, एकदाच. त्यांनी टोकं दाबली, प्रत्येक टोकावर हात ठेवून मनात काहीतरी मोजलं, आणि पावणेएकला मागे सरकले. दोन झडपा, दोन जाळ्या, बारा चौकोन. पट्टी आणि काचेमधून उस्तादांनी एक कागद वरून खाली फिरवला. कुठेही अडला नाही.

खरं सांगायचं तर मला समाधान वाटलं. जे काम मुळातच करायची गरज नव्हती, ते इतक्या नीट झालेलं मी आयुष्यात फार वेळा पाहिलं नव्हतं. अर्थात मी कॉलेजात होतो, त्यामुळे गरज नसलेली कामं पुष्कळ पाहिली होती.

त्या दुपारी बायको झोपली. दुसऱ्या दुपारी तीनच्या सुमारास वारा सुटला.

मी बाहेरच्या खोलीत वाचत होतो. तिने हाक मारली. आत गेलो तर ती उठून बसलेली.

"माशी आली का आत?"

माशी नव्हती. वारा पट्टी आणि काच यांच्यामधल्या फटीतून जात होता आणि पट्टी थरथरत होती. अगदी बारीक, झिंझिंझिं. रस्त्यावरच्या कुठल्याही आवाजापुढे तो काहीच नव्हता. पण रस्त्याचा आवाज दोन काचांच्या बाहेर राहायचा. हा चौकटीतून आत यायचा.

उस्तादांना फोन केला. त्यांनी आधी आवाज कसा येतो ते विचारलं. मग म्हणाले, "रबर का बटन देव बीच में. हल्लू से. दबाव नक्को." मी सायकलच्या ट्यूबचे वाटाण्याएवढे तुकडे कापून फटीत सरकवले, ओरखडे टाळून. दुसऱ्या दिवशी वारा आला, तेव्हा मी तिच्या पलंगाशी बसून होतो.

"आता?"

तिने डोळे मिटूनच ऐकलं. "आधी माशी होती. आता भुंगा आहे."

रबराने थरथर थेट काचेला दिली होती आणि काच घुमत होती. तुकडे काढून टाकले. माशी परत आली.

चौथ्या सकाळी ती चहा ठेवायला उठली आणि स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी राहिली. मी धरलं नसतं तर पडली असती. पलंगावर आणलं. तिने चादर मुठीत घेतली. अशा वेळी एका ठिकाणी नजर रोखून ठेवायची असते, म्हणजे फिरणं जरा कमी होतं. ती उभ्या-आडव्या पट्टीच्या फुलीकडे बघत पडली. त्या पट्ट्यांचा माझ्या पाहण्यात आलेला तेवढाच एक उपयोग.

"काढून टाका ते," ती ओठ न हलवता म्हणाली.

"काढल्या तर तो ड्रिलवाली माणसं पाठवेल."

"मग त्याला आणा. इथं बसवा. ऐकू द्या."

शनिवार होता. सचिवांकडे गेलो. ते टी-शर्टवर, कानात यंत्र, एका हाताने मला थांबण्याची खूण करत कुणाला तरी इंग्रजीत शाबासकी देत होते. शाबासकी संपायला दहा मिनिटं लागली. मग मी सगळं सांगितलं. बायकोची तब्येत, फट, वारा, माशी, भुंगा.

"काका, रिस्पेक्टफुली सांगतो, इतर कोणाकडे आवाज येत नाही."

"इतरांच्या स्क्रूने आवळल्यात. आणि सातव्या मजल्यावर प्लायवूड आहे."

त्यांनी कानातलं यंत्र काढलं. "ते प्लायवूडचं मी बघतोय," ते म्हणाले. "ठीक आहे. राउंडला येणारच होतो. आज दुपारी येतो. मी स्वतः ऐकतो."

पावणेतीनला आले, हातात टॅब्लेट. बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी त्यांना वेताच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसलो.

"बोलायचं नाही," मी हळूच म्हणालो. "वारा येईपर्यंत."

"किती वेळ?"

"ते वाऱ्यावर आहे."

त्यांनी आधी खिडकीकडे मान तिरपी करून पाहिलं. "अलाइनमेंट परफेक्ट आहे, काका," ते कुजबुजले. मी ओठांवर बोट ठेवलं. ते खुर्चीत मागे टेकले.

वारा अर्थातच आला नाही. खोलीत काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. काचेपलीकडे रस्त्यावर गाड्यांची रांग सरकत होती, एक टँकर वळत होता, आणि त्यातलं काहीही आत पोचत नव्हतं. पाच मिनिटांनी टॅब्लेटचा उजेड मालवला. आठव्या मिनिटाला सचिवांची मान डाव्या खांद्यावर गेली. तोंड किंचित उघडलं. झोपेत तो माणूस पंचविशीचा दिसत होता आणि कुणीतरी फार दमवलेला.

मी उठवायला हात पुढे केला. पलंगावरून खूण झाली, नको. बायको कुशीवर वळून त्यांच्याकडे बघत होती. किती दिवसांनी कोणीतरी दुसरं झोपलेलं तिला बघायला मिळत होतं.

सव्वातीनला वारा सुटला. आधी एका झडपेवर, मग दोन्हींवर. झिंझिंझिं.

सचिव दचकून उठले. हात खिशाकडे गेला. "हॅलो... कोण, कुणाचा फोन वाजतोय?"

"फोन नाही," बायको म्हणाली. "तुमचं हेरिटेज."

त्यांना कुठे आहोत हे कळायला थोडा वेळ लागला. मग ते उठून खिडकीपाशी गेले, कान लावला, पट्टीच्या टोकाजवळ आतून चौकटीवर बोट दाबलं. आवाज दबला. बोट काढलं, पुन्हा वाढला. पुन्हा ठेवलं. तसेच बोट ठेवून उभे राहिले.

"काकू, रोज असं?"

"वारा रोज असतो ना, बाबा."

"काका, या निघतील का? काचेला काही न होता?"

"निघतील."

"फंक्शनच्या दिवशी परत लावाल? फक्त त्या दिवशी. सकाळी."

"दोनच्या आत काढून टाकायच्या असतील तर हे लावतील," बायकोने परस्पर मान्य केलं.

"मग काढा," ते म्हणाले. मग स्वतःशीच, "ड्रोन सकाळीच आहे."

ग्रंथालयातला मेणलावला दोरा माझ्याकडे अजून आहे. तो टोकाच्या चिकटपट्टीमागे सरकवायचा आणि करवतीसारखा मागेपुढे ओढायचा, म्हणजे पट्टी उचकटावी लागत नाही आणि काचेवर भार येत नाही. झडप मात्र कोणीतरी हलू न देता धरायला हवी. सचिवांनी धरली, दोन्ही हातांनी, पाय फाकवून, जणू इमारतच धरली आहे. एक टोक, दुसरं टोक. शेवटचं सुटलं तेव्हा अख्खी जाळी माझ्या हातात आली. मग दुसरी. ओरखडे होते तिथेच होते. काच शाबूत. मी झडपा लावल्या आणि खटका फिरवला.

वारा बाहेर होता, हे समोरच्या गच्चीवरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरून कळत होतं.

"काका, पाच मिनिटं बसू का इथे?" सचिवांनी विचारलं. "घरी गेलो की लगेच कोणीतरी कॉल करेल."

मी मान हलवली. ते खुर्चीत बसले आणि या वेळी आठ मिनिटंही लागली नाहीत. बायकोची मूठ सैल झाली होती. चादर तिच्या हातातून सुटून खाली लोंबत होती. श्वास लांब आणि एका लयीत चालला होता.

माझ्या दोन्ही हातांत एकेक जाळी. अ‍ॅल्युमिनियम फरशीवर ठेवलं की वाजतं. भिंतीला टेकवलं की घासतं. दार लावलेलं, आणि ते उघडताना कुरकुरतं. चार वाजायला पंचवीस मिनिटं होती. मी पाय जरा फाकवले, कोपर बरगड्यांना टेकवली, आणि तसाच उभा राहिलो.